पाळी थांबताना आणि थांबल्यावर त्वचेची काळजी: वावरात राबणाऱ्या बायांसाठी

अंघोळ करून आलं की पोटऱ्या खाजायला लागतात. बांगडी घासून मनगटावर लाल वण उठतो आणि लवकर जात नाही. पूर्वी कापूस वेचताना बोंडाचं टोक लागलं तर दोन दिवसांत भरून यायचं, आता आठवडा लागतो. रात्री अंगातून वाफा निघतात, मग घाम गार होतो आणि मान, छाती चुणचुणत राहते. ४५ ओलांडलेल्या बहुतेक बायांना यातलं काही ना काही होत असतं. गावात त्यावर एकच उत्तर मिळतं, "आता वय झालं ना माय, चालायचंच." मला हे उत्तर मान्य नाही. पाळी जाताना त्वचेत काय बदलतं हे कळलं, तर बराचसा त्रास घरच्या घरी कमी होतो आणि उरलेल्यासाठी कोणाकडे जायचं तेही ठरवता येतं.

आधी काय होतंय ते ओळखा

सलग १२ महिने पाळी आली नाही, की ती कायमची थांबली असं डॉक्टर धरतात. आपल्याकडे हे साधारण ४५ ते ५० या वयात होतं. बदल मात्र त्याच्या काही वर्षं आधी, पाळी मागंपुढं व्हायला लागली की सुरू होतात. अंडाशयात इस्ट्रोजेन नावाचं संप्रेरक (हार्मोन) कमी तयार होऊ लागतं आणि त्वचेची बरीचशी ताकद त्याच्यावरच असते. त्वचेला घट्टपणा देणारं कोलॅजेन पाळी थांबल्यानंतरच्या पहिल्या ५ वर्षांत जवळपास ३० टक्क्यांनी कमी होतं. पुढे दरवर्षी ते साधारण २ टक्क्यांनी घटत राहतं. त्वचेतलं नैसर्गिक तेल आटतं, ओलावा टिकत नाही, कातडी पातळ होते आणि जखम सावकाश भरते. काहींच्या हनुवटीवर राठ केस येतात, डोक्यावरचे विरळ होतात.

गर्भाशयाची पिशवी काढलेल्या बायांनी इथे विशेष लक्ष द्यावं. आपल्या भागात चाळिशीच्या आतच हे ऑपरेशन झालेल्या खूप जणी आहेत. पिशवीसोबत दोन्ही अंडाशयही काढले असतील, तर हे सगळे बदल हळूहळू न येता एकदम अंगावर येतात. अंडाशय ठेवले असले तरी ते काहींमध्ये लवकर थकतात. पाळीच येत नसल्यामुळे ती कधी थांबली असती हे कळायला मार्ग नसतो. अशा वेळी अंगातल्या वाफा आणि कोरडी पडणारी कातडी हीच खूण समजायची. ऑपरेशनचं कार्ड घरात असेल तर शोधून काढा आणि काय काय काढलं आहे ते नर्सताईंकडून वाचून घ्या.

खालच्या पायऱ्यांचा क्रम मी मुद्दाम असा लावला आहे की आधी त्रास देणाऱ्या गोष्टी थांबतील. त्याला पैसा लागत नाही. विकत आणायच्या वस्तू नंतर येतात.

पहिली पायरी: अंघोळ बदला

थंडीत आपल्याकडे विदर्भात रात्रीचा पारा १० अंशांच्या खाली जातो, म्हणून पहाटे चुलीवर कढत पाणी काढून अंगावर घेण्याची सवय असते. वाफाळतं पाणी त्वचेवर उरलेलं थोडकं तेलही घेऊन जातं. हाताला कोमट लागेल एवढंच पाणी घ्या आणि पाच-दहा मिनिटांत अंघोळ उरका. रोज सगळ्या अंगाला साबण लावायची गरज नसते. काखा, जांघा आणि पाय यांना साबण, बाकी अंगाला पाणी पुरतं. वावरातून धुळीनं माखून आलात त्या दिवशी हात, मान आणि चेहऱ्यालाही लावा. कपडे धुण्याची वडी किंवा पावडर अंगाला कधीच लावू नका, अगदी पायालाही नाही. दगडानं किंवा नारळाच्या शेंडीनं पाठ-पोटऱ्या घासणं आता बंद करा. तरुणपणी ते चाललं, कारण तेव्हा कातडी जाड होती.

अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतल्या पूर्णा नदीच्या खोऱ्यात, म्हणजे खारपाणपट्ट्यात राहणाऱ्यांना एक जास्तीची अडचण आहे. खाऱ्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, म्हणून तो जास्त लावला जातो आणि त्याचा थर अंगावर राहतो. तिथे साबण आणखी कमी वापरा. नळाचं गोडं पाणी येत असेल तर शेवटचे दोन तांबे त्याचे घ्या.

खाज सुटते म्हणून पाण्यात जंतुनाशक औषध टाकणं, लिंबू चोळणं, खायचा सोडा लावणं, यानं खाज वाढते. बेसन-हळदीचं उटणं दिवाळीला खुशाल लावा, पण रोज नको.

दुसरी पायरी: अंग ओलसर असतानाच तेल किंवा मलम

पंचा अंगावर घासू नका, टिपून घ्या. कातडी अजून ओलसर आहे तोवरच, म्हणजे दोन-तीन मिनिटांत, काहीतरी स्निग्ध लावा. नुसत्या कोरड्या अंगाला तासाभरानं लावलेल्या तेलाचा तेवढा फायदा होत नाही, कारण तेल पाणी देत नाही, असलेलं पाणी धरून ठेवतं. एवढी एक गोष्ट पाळली तरी आठ-दहा दिवसांत पोटऱ्यांची खाज कमी झालेली जाणवते.

काय लावायचं? खोबरेल तेल चांगलं आहे. साधी, वास नसलेली पेट्रोलियम जेली स्वस्त आहे आणि भेगाळलेल्या जागी तेलापेक्षा जास्त टिकते. ग्लिसरीन वापरायचं तर एक भाग ग्लिसरीनमध्ये तीन भाग स्वच्छ पाणी मिसळा, नुसतं लावू नका. तिळाचं तेल चालतं. मोहरीच्या तेलानं काहींना चुणचुण होते, पुरळ येतं, म्हणून मी ते सुचवत नाही. महागड्या डब्यांवरच्या सुवासाचे पैसे देऊ नका. सुवासच पुष्कळदा पातळ कातडीला बाधतो.

ऋतूप्रमाणे बदल करा. कार्तिकापासून माघापर्यंत जाड मलम किंवा जेली दिवसातून दोनदा लावा. एप्रिल-मेमध्ये तेच जाड मलम घाम कोंडून घामोळ्या आणतं, तेव्हा पातळ लोशन किंवा ग्लिसरीन-पाणी बरं.

टाचांच्या भेगांसाठी रात्री दहा मिनिटं कोमट पाण्यात पाय ठेवा, वजरी हलकी फिरवा, पुसा, जेली भरपूर लावा आणि सुती मोजे घालून झोपा. भेगा फार जाड असतील तर औषधांच्या दुकानात १० ते २० टक्के युरिया असलेलं मलम मिळतं. साखरेचा आजार असेल तर वजरी किंवा ब्लेड वापरू नका. रोज संध्याकाळी तळपाय पाहायची सवय लावा. स्वतःला दिसत नसेल तर सुनेला किंवा नातीला बघायला सांगा.

कंबरेची नाडी

हा भाग वेगळा काढून सांगते, कारण याबद्दल कोणी बोलत नाही. परकराची नाडी रोज एकाच जागी करकचून बांधली की तिथली कातडी काळी पडते, सोलते, खाजते. पाळी गेल्यावर ती पातळ झालेली असते, म्हणून तिथे जखम लवकर होते आणि घाम-धुळीत चिघळत राहते. २०२४ साली वर्ध्याच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातल्या आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी दोन वयस्क बायांची माहिती वैद्यकीय नियतकालिकात दिली. दोघींच्या कंबरेवर घट्ट नेसण्याच्या जागी बरी न होणारी जखम झाली होती आणि तपासात तिथे कॅन्सर निघाला. असं फार क्वचित होतं, घाबरून जायचं कारण नाही. पण नाडी सैल करायला पैसे लागत नाहीत. बारीक दोरीऐवजी रुंद पट्टी घाला किंवा इलॅस्टिक लावा. गाठ रोज थोडी वर-खाली घ्या. रात्री सैल गाऊन घालून कंबरेला मोकळी हवा मिळू द्या. कंबरेवरची जखम तीन आठवड्यांत भरली नाही तर डॉक्टरांना दाखवा.

तिसरी पायरी: ऊन अडवा

चंद्रपूर, अकोला, नागपूर इथे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, तर सावलीतही चटके बसतात. वांग, काळे डाग आणि सुरकुत्या यांचं सगळ्यात मोठं कारण ऊन आहे. शेतात काम करणारीला पहिलं संरक्षण कापडाचं. घरधन्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट साडीवरून घालायची आपल्याकडची पद्धत उत्तम आहे, ती सोडू नका. सुती दुपट्टा डोक्यावरून घेऊन कपाळ, गाल आणि मानेचा मागचा भाग झाका. शक्य असेल तिथे निंदण-वेचणी सकाळी लवकर सुरू करून दुपारी १२ ते ३ झाडाखाली थांबा. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईच्या हातात वेळ नसते हे मला माहीत आहे. सगळ्या बाया मिळून मुकादमाशी बोलल्या तर उन्हाळ्यापुरती वेळ बदलून मिळू शकते.

सनस्क्रीन परवडत असेल तर एसपीएफ (ऊन अडवण्याची ताकद सांगणारा आकडा) ३० किंवा जास्तीचं घ्या. चेहरा आणि मानेसाठी दोन बोटांवर लांबीला मावेल एवढं लागतं. घाम आल्यावर ते निघतं, म्हणून दर दोन तासांनी पुन्हा लावावं लागतं. वावरात हे जमत नाही. तेव्हा बाजाराला, लग्नाला, एसटीनं गावाला जाताना लावा आणि वावरात कापडावर भरवसा ठेवा.

अंगातल्या वाफांसाठी झोपताना सुती कपडे, उशाशी ओला पंचा आणि पाण्याचा तांब्या ठेवा. घाम आला की कोरड्या फडक्यानं टिपा, मानेच्या घड्यांत आणि स्तनांखाली साचू देऊ नका. तिथे गजकर्ण धरतं.

चौथी पायरी: वावरातल्या कामाची तयारी

गाजर गवत आधी ओळखा. १९५०च्या दशकात पुण्याजवळ पहिल्यांदा दिसलेलं हे तण आता प्रत्येक धुऱ्यावर आहे. त्याचे सुके कण आणि पराग हवेतून उडतात आणि अंगाला न लागताही पापण्या, मान, कोपराच्या खोबणी लाल करतात. दरवर्षी ठरावीक महिन्यांत पापण्या सुजत असतील तर संशय गाजर गवतावर घ्या. ते फुलावर यायच्या आत, पाऊस पडून गेल्यावर, हातमोजे घालून उपटा. एकदा ॲलर्जी जडली असेल तर ते काम दुसऱ्याला द्या.

हरभऱ्याची आंब हातापायांना लागली की आधीच भेगाळलेली कातडी भणभणते. सोंगणीला जाण्याआधी पेट्रोलियम जेलीचा थर लावा आणि जुने मोजे हातात घाला. कापूस वेचताना बोटांच्या टोकांना कापडी पट्टी बांधा. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे धानाच्या रोवणीला दिवसभर चिखलात उभं राहावं लागतं आणि बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. घरी येताच पाय साध्या पाण्यानं धुवून बेचक्या फडक्यानं कोरड्या करा, मगच चुलीपाशी जा.

फवारणीबद्दल कळकळीनं सांगते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं किती घरं उजाडली ते आपण पाहिलं आहे. बरीच कीटकनाशकं कातडीतूनच शरीरात जातात, आणि भेगा-जखमा असलेल्या कातडीतून जास्त. बाया पंप पाठीवर घेत नाहीत असं म्हणतात, पण ड्रममध्ये पाणी आणणं, औषध कालवणं, फवारलेले कपडे धुणं ही कामं आपल्याच हातात असतात. रबरी हातमोज्याशिवाय यातलं काहीही करू नका. ते कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नका. अंगावर औषध सांडलं तर लगेच कपडे काढून साबण-पाण्यानं भरपूर धुवा. मळमळ, चक्कर, डोळ्यांना अंधुक दिसणं सुरू झालं तर औषधाचा डबा सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा.

पाचवी पायरी: मेडिकलमधल्या ट्यूबा बंद करा

खाज सुटली की माणूस मेडिकलमध्ये जातो, दुकानदार एक ट्यूब देतो, दोन दिवसांत आराम पडतो. त्या ट्यूबमध्ये बहुतेक वेळा स्टेरॉइड असतं, सोबत बुरशीचं आणि जंतूंचं औषध मिसळलेलं. स्टेरॉइड लाली दाबतं, पण गजकर्ण आतून पसरत जातं, पुढे साध्या औषधाला दाद देत नाही. महिनोन्‌महिने लावल्यावर कातडी आणखी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसायला लागतात, चेहऱ्यावर केस आणि पुटकुळ्या येतात. पाळी गेल्यानं आधीच पातळ झालेल्या कातडीवर हा दुसरा घाव असतो. ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन असं काही लिहिलं असेल तर ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय लावायची नाही. बरीच वर्षं लावत असाल तर एकदम बंद केल्यावर चेहरा भडकतो, म्हणून तीही डॉक्टरांना विचारूनच सोडा.

गोरं करणाऱ्या क्रीमचंही तेच. काहींमध्ये स्टेरॉइड असतं, काहींमध्ये पारा असतो, आणि पारा मूत्रपिंडं बिघडवतो. डब्यावर कंपनीचा पत्ता आणि घटक लिहिलेले नसतील तर भेट म्हणून आला तरी वापरू नका.

टिकलीच्या जागी कपाळ पांढरं पडत असेल तर तो डिंकातल्या रसायनाचा परिणाम असतो. टिकली ताबडतोब थांबवा. केसांच्या कलपानं आणि काळ्या मेंदीनंही टाळू, कपाळ, पापण्या सुजतात. पहिल्यांदा लावताना कानामागं थोडं लावून दोन दिवस वाट पाहा. एकदा सूज आली की ते रसायन पुन्हा कधीच लावायचं नाही.

सहावी पायरी: जिथली खाज सांगता येत नाही

पाळी गेल्यावर योनीची आणि लघवीच्या जागेची त्वचाही कोरडी आणि नाजूक होते. आग होते, खाज सुटते, लघवी वारंवार लागते, संबंधाच्या वेळी दुखतं. बाया हे वर्षानुवर्षं सहन करतात आणि काहींना वाटतं की आपल्यालाच काहीतरी घाण रोग झाला. असं नाही. इस्ट्रोजेन कमी झाल्याचाच हा परिणाम आहे आणि त्याला उपाय आहे.

त्या जागी साबण आणि जंतुनाशक लावू नका, साध्या पाण्यानं धुवा. आत पाणी मारू नका. सुती, सैल चड्डी वापरा. बाहेरच्या बाजूला खोबरेल तेल किंवा पेट्रोलियम जेली बोटभर लावली तर घासणं कमी होतं. एवढ्यानं भागलं नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञ तिथे लावायचं इस्ट्रोजेनचं मलम लिहून देतात. ते थोड्या प्रमाणात असतं आणि बऱ्याच जणींना काही आठवड्यांत आराम पडतो. स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल तर ते आधी सांगा. पोटातून घ्यायच्या हार्मोनच्या गोळ्या मात्र फक्त त्वचेसाठी कोणी घेऊ नयेत.

पाळी थांबून वर्ष झाल्यावर पुन्हा थोडाही रक्ताचा डाग दिसला, तर त्याच आठवड्यात तपासणी करून घ्या. पाळी परत आली असं समजून घरी बसू नका. योनीच्या ओठांवर पांढरा, चिवट पट्टा दिसत असेल आणि रात्री खाजेनं झोप येत नसेल, तेही दाखवा.

ताटात काय असावं

विदर्भात सोयाबीन पोत्यांनी पिकतं आणि सगळं विकलं जातं. त्यात प्रथिनं भरपूर आहेत आणि इस्ट्रोजेनसारखं सौम्य काम करणारे घटकही. काहींच्या वाफा त्यानं थोड्या कमी होतात. कच्चं दळू नका. भिजवून २० मिनिटं उकळा, वाळवा आणि ९ किलो गव्हात १ किलो मिसळून दळून आणा. थायरॉइडची गोळी घेत असाल तर गोळी आणि सोयाबीन यांत चार तासांचं अंतर ठेवा. जवसाची चटणी, तीळ, तुरीचं वरण, अंडं रोजच्या जेवणात असू द्या. कोलॅजेन तयार व्हायला क जीवनसत्त्व लागतं, ते हंगामात संत्र्यातून आणि आवळ्यातून मिळतं. उन्हाळ्यात ताक, आंबील, पन्हं. खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण, सोडा. तो तोंडाच्या आतली त्वचा आखडवतो आणि पुढे कॅन्सरपर्यंत नेतो.

कधी दाखवायचं आणि कुठे

अंगावर पुरळ काही नाही तरी सगळ्या अंगाला खाज असेल तर साखर, थायरॉइड, हिमोग्लोबिन, मूत्रपिंड आणि यकृत तपासून घ्यावं लागतं. कारण कोरडेपणापेक्षा वेगळं असू शकतं. एकाच स्तनाग्राभोवती खपली धरत असेल, तीळ वाढत किंवा रंग बदलत असेल, घोट्याजवळची जखम भरत नसेल, तर थांबू नका. घोट्याच्या जखमेच्या वेळी घरात कोणाला सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) असेल तर तेही सांगा.

फिक्कट किंवा लालसर चट्टा, ज्याला खाज नाही आणि टोचलेलं कळत नाही, तो कोरडेपणाचा समजू नका. विदर्भाच्या पूर्वेकडच्या जिल्ह्यांत कुष्ठरोगाचे नवे रुग्ण अजून सापडतात. वरोऱ्याला बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये आनंदवन उभारलं त्या काळी औषधं फार तोकडी होती. आज सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळतात आणि ६ ते १२ महिन्यांत आजार पूर्ण बरा होतो. लवकर दाखवलं तर हातापायांना व्यंग येत नाही.

पहिली ओळख आशाताईंशी करा आणि त्यांच्यासोबत उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. पुरुष डॉक्टरांसमोर बोलायला जड जात असेल तर नर्सताईंना आधी सांगा, त्या पुढे सांगतील. ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सल्ला सेवेवरून मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांशी तिथूनच बोलता येतं. पुढच्या तपासणीसाठी नागपूर, यवतमाळ, अकोला, चंद्रपूर आणि गोंदियाची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालयही आहे. तिथे त्वचारोग विभाग असतो. जाताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूबा, त्यांची खोकी आणि चालू असलेल्या गोळ्या एका पिशवीत घालून न्या. त्या दिवशी अंगाला तेल आणि चेहऱ्याला पावडर लावू नका, म्हणजे डॉक्टरांना कातडी जशी आहे तशी दिसेल.